पन्हळीचं पातं

शारजाच्या औद्योगिक भागात दगडूच्या धारेचा दबदबा होता. शिंप्यांच्या कात्र्या, खाटकांचे सुरे, सुतारांच्या करवती, सगळं त्याच्या ग्राइंडरवरून जायचं. संगमेश्वरकडच्या या माणसाचं काम पंचवीस वर्षांत कुणी परत आणलं नव्हतं, आणि हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला एकदा तरी ऐकवायचाच. हात सोन्याचा, पण स्वभाव हेकट. चूक कबूल करणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये एका सोमवारी दुबईहून दत्तप्रसाद साहेब मुलीला घेऊन आले. चौदा वर्षांची मुग्धा तिथल्या देरा भागातल्या बर्फाच्या रिंकवर आइस हॉकी खेळायची. वाळवंटात बर्फावरची हॉकी, हे ऐकून दगडूला हसूच फुटलं. रिंकवरचं धारेचं मशीन बिघडलं होतं आणि शुक्रवारी टीमची निवड होती. जूनमध्ये साहेबांचं कुटुंब कायमचं पुण्याला परतणार होतं, आणि पुण्यात बर्फ मिळतो तो उसाच्या रसात. टीममधून खेळायची पोरीला हीच काय ती एक संधी होती.

दगडूने स्केटच्या बुटाखालचं पातं न्याहाळलं. पात्याच्या खालच्या अंगाला या टोकापासून त्या टोकापर्यंत एक उथळ पन्हळ होती. वापरून झिजलंय बिचारं, असं त्याने स्वतःच ठरवून टाकलं. विचारायची सवय कुठे होती त्याला? त्याने पन्हळ साफ घासली आणि दोन्ही बाजूंनी उतार देऊन मधोमध कोयत्यासारखी एकच धार काढली. कागद धरला, तर सर्रकन कापला गेला. दगडू खूश झाला.

बुधवारी बापलेक परत हजर. सरावात मुग्धा सरळ जाई तोवर ठीक, वळायला गेली की आडवी. हनुवटीला तीन टाके पडले होते. ते बघूनही दगडू म्हणाला, "साहेब, बर्फच तो. माणूस घसरणारच. त्यात धारेचा काय दोष?"

साहेबांनी पिशवीतून दुसऱ्या एका खेळाडूचा नवा स्केट काढून समोर ठेवला. "दगडूभाऊ, हा जरा कम्पेअर करून बघा. फ्रायडेला सिलेक्शन आहे, तिचा लास्ट चान्स आहे हो."

या कोऱ्या पात्यालाही तशीच पन्हळ होती. दगडूने अंगठा आडवा फिरवला, पुन्हा एकदा फिरवला. पन्हळीच्या दोन्ही काठांना एकेक धार होती. खेळाडू ज्या बाजूला कलेल, त्या बाजूची धार बर्फ धरून ठेवणार. नेमक्या त्या दोन धाराच त्याने घासून टाकल्या होत्या. अतिशहाणपणा नडला होता, आणि टाके मात्र पोरीला पडले होते.

तोंडाने तो एवढंच म्हणाला, "थोडं फिनिशिंग राहिलं असेल. ठेवून जा."

गुरुवारी त्याने एकही कात्री घेतली नाही. ग्राइंडरच्या चाकाची सपाट कड हिऱ्याच्या कणीने घासून गोलाकार केली. स्केट पक्का बसेल असा लाकडी साचा बनवला. आधी भंगारातल्या पट्टीवर हात बसवला. तीनदा एक काठ उंच, एक बुटका निघाला. शेजारचा वेल्डर कमरुद्दीन चिडवून गेला, "दगडूभाई, एक ही काम चार टाइम?" दगडूने ऐकून घेतलं, हेच नवल. चौथ्या खेपेला दोन्ही काठ सारखे आले, तेव्हाच त्याने पोरीच्या स्केटची कोयत्यासारखी धार सपाट घासून तिथे पन्हळ पाडली.

शुक्रवारी स्केट घेऊन तो स्वतः रिंकवर गेला, अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून कुडकुडत. फाटकाशी मुग्धा थबकली. एकदा पायाकडे बघितलं, मग बर्फावर उतरली. डावीकडे वळली, उजवीकडे वळली, पातं खर्रकन बर्फ धरत होतं. दगडूचा जीव भांड्यात पडतोय, तोच शेवटच्या फेरीत ती भरवेगात वळली आणि धाडकन कठड्यावर आपटली.

दगडूच्या तोंडचं पाणी पळालं. कोचने कागदावर काहीतरी लिहिलं. मुग्धा उठली, बर्फ झटकला आणि सरळ त्याच्यासमोर आली. "धार मस्त आहे, काका. माय मिस्टेक. आय टर्न्ड टू अर्ली."

एवढं बोलून ती परत गेली, कोचकडे आणखी एक फेरी मागून घेतली आणि तेच वळण झकास घेतलं. कोचने टीमची नावं वाचली, तेव्हा तिचं नाव शेवटून दुसरं होतं.

ती बाकावर बसून लेस सोडत होती. दगडू तिच्यासमोर उकिडवा बसला. "पोरी, त्या दिवशी बर्फाचा दोष नव्हता. पातं मी बिघडवलं होतं."

"आय नो, काका," मुग्धा शांतपणे म्हणाली. "तेव्हाच कळलं होतं."

म्हणजे ठाऊक असूनही पोर त्याच्या धारेवर उभी राहिली होती. दगडूचे डोळे भरून आले. साहेबांना मात्र त्याने थंडीचं कारण सांगितलं.