तिजोरीसमोरचा विमानतळ

जरा मागे सरका पाहू, मित्रांनो. तिथूनही नीट ऐकू येते. मी एक जुनी तिजोरी आहे आणि दाराला कान लावणाऱ्यांचा मला पहिल्यापासून संशय येतो. ती दोन वेण्यांवाली मघापासून माझी चकती फिरवते आहे. फिरव बाई, हवी तेवढी फिरव. आत आता काही नाही. पण तू फिरवून पाहिलीस, हे मी लक्षात ठेवले आहे.

माझा स्वभावच तसा, त्याला मी काय करणार? ज्या कारखान्यात माझा जन्म झाला तिथे माझ्याशी कोणी गोड बोलले नाही. पोलादी पत्रे कापले, वाकवले, दुहेरी भिंती केल्या, जाडजूड बिजागऱ्या ठोकल्या. दारावर आकड्यांची चकती बसवणारा कारागीर कानाला नळी लावून आतले खटके ऐकत होता. शेवटचा खटका मनासारखा बसला तेव्हा तो माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "आता सख्ख्या भावालासुद्धा दार उघडायचं नाही." हिरवा रंग मला नंतर मिळाला. संस्कार आधी झाले होते.

माझी पहिली नोकरी एका सराफाकडे होती. सराफ दुकान बंद करताना मला लावायचा, दारापर्यंत जायचा आणि परत येऊन माझी मूठ ओढून पाहायचा. त्याचा माझ्यावर विश्वास नव्हता, माझा त्याच्यावर नव्हता, त्यामुळे आमचे फार छान जमले. दागिने ठेवायला आलेले लोक समोर उभे राहून ठेवायचे आणि हवे तेव्हा समोर उभे राहून घेऊन जायचे. ते माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते. पुढे सराफ थकला, त्याच्या मुलाने दुकान मोडले आणि मी विकली गेले.

मला ज्यांनी घेतले ते एका इंग्रजी शिकवणाऱ्या संस्थेचे मालक होते. सगळे त्यांना साहेब म्हणत. खास परदेशातून आणलेले शिक्षक, अशी त्यांच्या दारावर मोठी पाटी होती. साहेबांनी मला पाहताच माझे भारी कौतुक केले. "काय भक्कम आहे! काय रुबाब आहे!" असे चारचौघांत म्हणाले. माझ्या मनात तेव्हाच शंकेची पाल चुकचुकली. सराफाने इतक्या वर्षांत माझी एकदाही स्तुती केली नव्हती.

मला वाटले होते, आता फीची रोकड सांभाळायची. थोडी रोकड आलीही. पण वरच्या कप्प्यात आले ते पासपोर्ट. कोणाचा निळा, कोणाचा तांबडा, सगळ्यांना मिळून एक रबर. शिक्षक परदेशातून यायचे, साहेब हात पुढे करायचे, "द्या, कामाच्या व्हिसासाठी लागेल, माझ्याकडे सुरक्षित राहील," असे म्हणायचे आणि तो पासपोर्ट टेबलावरून उचलून थेट माझ्या पोटात ठेवायचे. एवढाच त्याचा प्रवास. ज्यांची वस्तू ते बाहेर आणि ज्याची नाही त्याच्याकडे आकडा, हा कारभार मी सराफाकडे कधी पाहिला नव्हता.

शिक्षक मिळवण्यासाठी साहेब जे फोन करायचे ते सगळे माझ्यासमोरच व्हायचे. "पगार दर महिन्याला, राहायला खोली, आरोग्य विमा, वर्ष पुरं झालं की परतीचं तिकीट. आणि व्हिसाची काय काळजी करता? पाहुण्यांच्या व्हिसावर या, इथे आलात की कामाचा करून टाकू." ऐकणारा तिकडे हरखून जायचा. खोली म्हणजे एकावर एक खाटा होत्या, हे त्याला इथे आल्यावर कळायचे. आरोग्य विमा म्हणजे कचेरीतल्या भिंतीवरची डबी, तिच्यात कापूस आणि तांबड्या औषधाची बाटली. पगारातून खोलीचे कापायचे, संस्थेच्या सदऱ्याचे कापायचे, विमानतळावरून आणायला पाठवलेल्या गाडीचेही कापायचे. कोणी तोंड उघडले की साहेब गोड हसून त्याची बोळवण करायचे.

अशातच एक बाई शिकवायला आल्या. त्यांची सहा वर्षांची मुलगी तिकडे बहिणीकडे राहिली होती. कामाचा व्हिसा झाला की मुलीलाही आणता येईल, शाळेची सोय संस्थाच करील, असा शब्द साहेबांनी फोनवर दिला होता. तो मी ऐकला होता. बाईंनी पाहुण्यांच्या व्हिसावर येऊन आपला पासपोर्ट विश्वासाने साहेबांच्या हातात दिला आणि तो माझ्याकडे आला. त्यातल्या शिक्क्यावर व्हिसा संपण्याची तारीख होती.

बाई दर आठवड्याला विचारायच्या. "सर, व्हिसाचं कुठवर आलं?"

"काम चालू आहे, मॅडम. पासपोर्ट व्हिसा कचेरीत आहे. सरकारी काम म्हटल्यावर वेळ लागणारच."

तेव्हा तो पासपोर्ट त्यांच्यापासून हातभर अंतरावर होता. मी बोलू शकले असते तर! पण तिजोरीला बोलायला शिकवत नाहीत, उलट न बोलण्याचेच पैसे जास्त पडतात.

संस्थेत एक उंच सर होते. पंख्याला डोके लागेल म्हणून ते खोलीत वाकूनच शिरायचे. एकदा साहेब बाहेर गेले असताना ते बाईंना हळूच म्हणाले, "ताई, तारीख उलटू देऊ नका. माझी उलटली. तेव्हापासून निम्म्या पगारावर राबतोय. तक्रार करतो म्हटलं तर साहेब म्हणाले, जा की पोलिसांकडे, आधी तुम्हालाच धरतील."

"आणि पासपोर्ट?"

"व्हिसा कचेरीत आहे म्हणतात. अजून."

बाई खुर्ची ओढून बसल्या. तारीख उलटली असती तर त्या तिथेच अडकल्या असत्या आणि मुलगी तिकडे मावशीच्या घरी वाट पाहत राहिली असती. मला वाटले, आता या रडतील. पण त्यांनी फक्त विचारले, "साहेबांना इंग्रजी नीट येतं का हो?"

आता इथे तुम्हाला साहेबांचे एक गुपित सांगते. फोनवरची वाक्ये पाठ होती, त्यापलीकडे त्यांना इंग्रजी बेताचेच येत होते. पुढच्या महिन्यात ते नवे शिक्षक मिळवायला परदेशी जाणार होते आणि तिथे फजिती होईल या धास्तीने त्यांना झोप लागत नव्हती. दुसऱ्याच दिवशी बाईंनी त्यांना दुपारी खासगी शिकवणी देण्याचे कबूल केले. फुकटात. फुकट म्हटल्यावर मी कान टवकारले, पण साहेबांनी काही टवकारले नाही.

बाईंची शिकवण्याची एक पद्धत होती. चित्र नको, खेळण्यातले नको, खरी वस्तू हातात हवी. बाजाराचा धडा असला की त्या खरे टोमॅटो आणून साहेबांना विकायला बसवत. डॉक्टरचा धडा असला की साहेबांच्या तोंडात खरा थर्मामीटर. बँकेच्या धड्याला साहेबांनी स्वतःच उठून मला उघडले आणि खऱ्या नोटा काढल्या. साहेबांना या खेळाची अशी गोडी लागली की बाईंनी एकदा चिठ्ठीवर लिहिलेले खोटे तिकीट पुढे केले तर तेच रागावले. "असलं खोटं चालणार नाही, मॅडम! खरी वस्तू!"

मला बाईंचाही संशय येऊ लागला होता. चोर चकतीकडे पाहतो, हे मला सराफाकडे कळले होते. बाई चकतीकडे कधीच पाहत नसत. मी उघडले की त्या मुद्दाम खिडकीकडे तोंड करून उभ्या राहत. इतक्या सावधपणे दुसरीकडे पाहणारे माणूस मी त्याआधी पाहिले नव्हते.

मग पालकांच्या खुल्या वर्गाचा दिवस आला. त्या दिवशी पालक येऊन शिकवणे पाहत असत. बाईंनी साहेबांना सुचवले की आज साहेबांनीच इंग्रजी बोलून दाखवावे, म्हणजे पालकांवर छाप पडेल. धडा विमानतळाचा. साहेब परदेशी निघालेले गटप्रमुख आणि सगळे शिक्षक त्यांच्या गटातले प्रवासी. गटप्रमुख म्हटल्यावर साहेब हरभऱ्याच्या झाडावर चढले ते उतरेचनात. त्यांनी नवा टाय आणला, घरून चाकांची बॅग आणली.

कचेरीच्या काचेपलीकडे पालक खुर्च्यांवर बसले होते. माझ्यासमोरच्या टेबलामागे बाई टोपी घालून अधिकारी झाल्या. शिक्षकांची रांग लागली. झाडलोट करणाऱ्या मावशी दाराशी लाल फीत धरून उभ्या होत्या. ज्याचे काम झाले त्याने फीत ओलांडून बाहेर जायचे, म्हणजे तो परदेशात पोहोचला. सगळे इंग्रजीतच चालले होते. इतकी वर्षे त्या भिंतीला टेकून मलाही इंग्रजी येऊ लागले होते, म्हणून तुम्हाला आपल्या भाषेत सांगते.

"पासपोर्ट दाखवा," बाई म्हणाल्या.

साहेबांनी ऐटीत मला उघडले आणि खालच्या कप्प्यातून स्वतःचा पासपोर्ट काढून दिला. पालकांनी टाळ्या वाजवल्या.

"आपल्याबरोबर कोण आहे?"

"हे सगळे माझे शिक्षक आहेत. मी यांचा गटप्रमुख आहे."

"यांचे पासपोर्ट?"

साहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिले. माझे दार उघडेच होते. माझ्या आतला खटकाही थांबल्यासारखा झाला. बाईंनी आवाज चढवला, "गटप्रमुखांकडे पासपोर्ट नसतील तर सगळा गट परत जाईल!" काचेपलीकडे एक पालक हसला. साहेबांची मान ताठ झाली.

"आहेत तर! माझ्याकडेच आहेत. मी सुरक्षित ठेवले आहेत," ते शुद्ध इंग्रजीत म्हणाले आणि माझ्या वरच्या कप्प्यातला रबर लावलेला गठ्ठा त्यांनी टेबलावर ठेवला. त्यांचे ते वाक्य अगदी बिनचूक होते.

बाईंनी रबर काढले. एकेक पासपोर्ट उघडायचा, फोटो पाहायचा, समोरच्या माणसाला पाहायचे, "प्रवास सुखाचा होवो" म्हणायचे आणि खरे अधिकारी देतात तसा तो ज्याचा त्याच्या हातात द्यायचा. गाणी शिकवणारे जोडपे फीत ओलांडून गेले. उंच सरांचा नंबर आला तेव्हा त्यांना आपले वाक्यच आठवेना. ते नुसते हातातल्या पासपोर्टकडे पाहत राहिले.

"रांग अडवू नका, पुढे चला," बाई करड्या आवाजात म्हणाल्या. सर वाकून बाहेर पडले. त्या दारात वाकायची गरज नव्हती.

शेवटी टेबलावर एकच पासपोर्ट उरला. बाईंनी तो उघडला, तारीख पाहिली, बंद केला आणि पर्समध्ये ठेवला. तेव्हा साहेबांच्या डोक्यात प्रकाश पडला.

"मॅडम, छान झालं हं. आता सगळ्यांचे परत जमा करा बघू," ते म्हणाले. या वेळी इंग्रजीत नाही.

तोवर पालकांपैकी एक आई उठून दाराशी आली होती. "म्हणजे काय हो? शिक्षकांचे पासपोर्ट तुम्ही ठेवून घेता?"

बाईंनी टोपी काढून टेबलावर ठेवली, साहेबांचा पासपोर्ट त्यांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "गटप्रमुखांनी आपलाही विसरू नये, सर. धडा संपला." मावशींनी फीत खाली केली. सगळ्यांच्या देखत साहेबांच्या हातावर तुरी देऊन बाई परदेशात पोहोचल्या.

बाई तिथून सरळ व्हिसा कचेरीत गेल्या, असे मावशी पुढे कोणाला तरी सांगत होत्या. तिथे त्यांच्या नावाचा अर्जच नव्हता. कधीच केला नव्हता. तारीख उलटण्याआधी त्या विमानात बसल्या. उंच सरांना दंड भरावा लागला, पण तेही घरी गेले. मग कामगार कचेरीची माणसे आली, त्यांनी मला उघडायला लावले आणि साहेबांनी कानावर हात ठेवले. काही दिवसांनी पाटी उतरली. मला उचलणाऱ्यांनी जिन्यात दोनदा आपटले आणि या जुन्या सामानाच्या अंगणात आणून टाकले. भंगारवाल्याने माझा खटका काढून विकला. तेव्हापासून मी बंदच होत नाही आणि पावसात गंजते आहे. तुम्ही माझ्यात चेंडू लपवता तेही मला चालते, कारण लपवणारा आणि काढणारा एकच असतो.

माझी काळजी घ्या, रंग द्या, असे मी म्हणणार नाही. तुमची घ्या. कधी दूरदेशी कामाला जाल, पगार ऐकाल, खोली ऐकाल, तिकीट ऐकाल, तेव्हा कामाचा व्हिसा हातात पडल्याशिवाय घरचा उंबरठा ओलांडू नका. आणि कोणी आपला पासपोर्ट मागून "माझ्याकडे सुरक्षित राहील" म्हणाले, तर माझी आठवण काढा. मी फार सुरक्षित होते.

पहिल्या दिवशी साहेबांच्या हातात टोमॅटो दिला तेव्हाच बाईंना शेवटचा धडा ठाऊक होता का, हा संशय माझ्या मनातून आजही जात नाही. मला मात्र त्यांचा आवाज पुन्हा एकदा ऐकायला मिळाला. संस्था बंद व्हायच्या आदल्या दिवशी मावशी मला पुसत होत्या आणि त्यांनी फोन आवाज मोठा करून माझ्या डोक्यावर ठेवला होता. पलीकडे बाई होत्या. बोलता बोलता मधेच एका लहान मुलीचा करडा आवाज आला, "पासपोर्ट दाखवा!"

"हा घ्या, साहेब," बाई हसत म्हणाल्या. "पण बघून झाला की लगेच परत द्यायचा हं."