आयुब मिस्त्रींचा उलटा हात

"कुणाचा इस्वास बसायचा न्हाय, म्हणून मी हे कुणाला सांगतच नस्तो," आयुब मिस्त्री म्हणाले आणि गेल्या आठवड्यात चौघांना सांगितलेली गोष्ट पाचव्यांदा सांगायला त्यांनी मांडी ठोकली. "आशीच दुपार होती. दुकानाच्या मेन तारेला आपला सहज उलटा हात लावला. लावला आन् काळजात चर्र झालं. म्हणलं, तिकडं माकणीला, धरणाच्या अंगाला, कुणाची तरी पाण्यातली मोटार कण्हायलीय."

"हितनं? उमरग्यातनं?" शेजारच्या वेल्डिंगच्या दुकानातला बलभीम चहाचा कप हातात धरून बसला होता. वेल्डिंगला बसून बसून त्याचे डोळे कायम बारीक झालेले, त्यामुळं त्यानं कुणाकडंही बघितलं तरी संशयानंच बघतोय असं वाटायचं. मिस्त्रींच्या बाबतीत ते खरंही होतं.

"हितनंच. तारेला तार लागलीय की रं. त्याच्यापसनं माज्यापतुर एकच वायर. तिथल्या एका गिऱ्हाइकाला फोन लावला, म्हणलं मोटार बंद कर, जळंल. तो म्हणला, मिस्त्री, आत्ताच वास यायलाय, तुमाला कसं कळलं?"

"दुपारी माकणीला लाईट होती?"

"त्या दिवशी होती."

"बरं," असं म्हणून बलभीमनं उरलेला चहा तोंडात ओतला.

मिस्त्रींच्या गोष्टीतलं पाणी काढून टाकलं, तरी तळाशी थोडं खरं उरायचंच. हैदराबाद रस्त्यावरच्या त्यांच्या दुरुस्तीच्या दुकानात वेल्डरची मशीन यायची, टेलरची मोटार यायची, दातांच्या दवाखान्यातली खुर्ची यायची, न्हाव्याची कटिंग मशीन यायची. दुरुस्ती कुणीही करो, शेवटी मिस्त्रींचा हात लागला पाहिजे, असा गावाचा रिवाज पडला होता. जुना मिक्सर विकत घेतानाही बायका आधी विचारायच्या, मिस्त्रींनी हात लावलाय का?

हात लावायचा म्हणजे उलटा. सरळ हात लावला आणि मशीनीच्या अंगात करंट उतरलेला असला, तर मूठ वळते आणि माणूस तिथंच चिकटतो. उलटा लावला तर मूठ वळते ती आपल्याकडं. मिस्त्री मशीन चालू करत नसत. नुसती पिन लावायची, मशीनीचं बटण बंद ठेवायचं आणि हाताची मागची बाजू पत्र्याला अलगद टेकवायची. "चालू मशीन गोंगाट करती," ते म्हणायचे, "गप बसलेली खरं बोलती." हे असलं करू नये असं आयटीआयच्या पुस्तकात लिहिलेलं होतं. ते पुस्तक त्यांच्याच मुलीनं, तरन्नुमनं, त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचलं होतं. मिस्त्री म्हणाले होते, लिहिणाऱ्याचा हात नाजूक असंल.

याच तरन्नुमनं महिन्याभरापूर्वी दुकानात ते डबडं आणलं.

डबड्याला दोन चिमटे होते. एक मशीनीच्या पिनेला, दुसरा पत्र्याला लावायचा. मग डबडं मापं घ्यायचं, मशीनीचा आवाज ऐकायचं आणि तरन्नुमच्या फोनमधून एक बाई काय बिघडलंय ते सांगायची. बाईची मराठी अशी धुतलेली, की बलभीम तिला अहो-जाहो करायचा. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीनं ते वापरून बघायला फुकट दिलं होतं. अट एकच, मिस्त्रींचा निर्णय डबड्यापेक्षा वेगळा असला तर तो डबड्याला सांगायचा. त्यावरून ते शिकणार होतं.

"फुकट का?" मिस्त्रींनी पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"एआय हाय अब्बा. जितक्या मशीनी बघंल तितकं शहाणं व्हतंय."

"म्हंजी माज्याकडनं शिकायचं आन् मलाच इकायचं."

तेव्हापासून मिस्त्री त्याच्यावर नजर ठेवून होते. बंद केलं तरी त्याचा एक हिरवा दिवा लुकलुकायचा. डोळा उघडा ठेवून झोपणाऱ्या माणसाचा काय भरवसा? घरचं काही बोलायचं झालं की मिस्त्री त्याच्यावर फडकं टाकायचे. एकदा तर बायकोच्या, चाँदबीच्या, भावाबद्दल चार शब्द बोलायचे होते म्हणून ते रस्त्याच्या पलीकडं जाऊन बोलले.

एके दिवशी तरन्नुम बाहेर गेल्याचं बघून त्यांनी त्याची परीक्षाच घेतली. चिमटे मोकळे ठेवले आणि तिनं काउंटरवर ठेवलेल्या फोनपाशी तोंड नेऊन घशातून मोटारीसारखा आवाज काढला. घूंऽऽऽ. बाईनं क्षणभर ऐकलं आणि सांगितलं, "बेअरिंग झिजलेले आहे. लवकर बदलावे."

बलभीम हसून हसून वेल्डिंगच्या दांडीवर पडायचा राहिला. "खोटं काय म्हणली ती?"

"बघ. माणूस कुठला आन् मोटार कुठली, कळत न्हाय. आसल्याच्या भरवशावर लोकांनी जीव टाकायचा?"

पण त्या दिवशी रात्री जेवताना त्यांना हसू आलं नाही. त्याचं कारण डबडं नव्हतं, हात होता.

मागच्या पावसाळ्यात शुगर वाढली तेव्हापासून हाताच्या मागच्या बाजूला काही कळेनासं झालं होतं. आधी मुंग्या यायच्या, मग त्याही येईनाशा झाल्या. तव्यावरचं झाकण त्यांनी हाताच्या पाठीनं सारलं, तेव्हा चाँदबी म्हणाली होती, "हात हाय का उलथनं?" त्यांनी ते हसण्यावारी नेलं. कातडीवर डाग पडला तो दुसऱ्या दिवशी दिसला.

मिस्त्री काही लोकांच्या जिवाशी खेळणारे नव्हते. दुकानाच्या मागं, पडद्याआड, त्यांचा लाकडी बोर्ड होता. त्यावर शंभरचा जुना पिवळा बल्ब. मशीनीच्या अंगात करंट उतरत असला की तो बल्ब पेटायचा. मशीन आधी मागं नेऊन बल्बावर बघायची, मग पुढं आणून सगळ्यांदेखत हात लावायचा आणि बल्बानं सांगितलेलं हाताच्या नावावर खपवायचं. गोष्टीत मीठ घालायचं तर आधी भाकरी शिजलेली हवी, एवढं ते पाळत होते.

तरन्नुमला हे कळलं असावं, असा त्यांना दाट संशय होता. पोरगी हल्ली त्यांच्या तोंडाकडं कमी आणि हाताकडं जास्त बघायची. हे डबडं मशीनी तपासायला आणलंय की बापाला, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

आणि आज सकाळी बल्ब उडाला. अख्ख्या बाजारात तसला बल्ब मिळेना. सगळीकडं एलईडी. दुकानदार म्हणाला, चाचा, तो आता सोलापूरहून मागवावा लागंल.

बलभीमचा कप रिकामा होतो न होतो तोच रिक्षातून रुद्रम्मा उतरली. बसस्टँडमागं तिचा इडली-डोशाचा गाडा. तिचा पीठ वाटायचा ग्राइंडर काल इथंच दुरुस्तीला आला होता. बेअरिंग मिस्त्रींनी स्वतः घातलं होतं.

"झालं का, आयुबण्णा? उद्या लग्नाची आर्डर हाय. तांदूळ भिजून वर आल्यात."

"कवाच झालं."

"चेक केलं? आमच्या खोलीत पायाखाली सगळं पाणीच पाणी असतंय बघा. मी आन् माजी सून, दोघी अनवाणी."

मिस्त्रींनी मागच्या पडद्याकडं बघितलं; ग्राइंडर बल्बावर बघायचा राहिला होता. तेवढ्यात तरन्नुमनं चिमटे लावलेही. डबडं घरघरलं आणि बाई बोलली, "धोका. यंत्राच्या पत्र्यात विद्युतगळती आहे. आतील वायर पत्र्याला घासत असण्याची शक्यता आहे. वापरू नये."

रुद्रम्मानं पदर सावरला. "अय्यो. काय म्हणती ती?"

मिस्त्रींची कानशिलं तापली. मशीन काल कुणी उघडली होती? त्यांनीच. झाकण कुणी बसवलं? त्यांनीच. म्हणजे डबडं मशीनीचं नव्हे, त्यांचं बोलत होतं. तेही गिऱ्हाइकासमोर, बलभीमसमोर.

"काय न्हाय म्हणत," ते म्हणाले. "मला बेअरिंग झिजलंय म्हणलेली बाई हाय ती. ओल असंल जराशी."

"अब्बा, एकदा उघडून बघू."

"उघडायचं कशाला? माजं काम हाय ते."

"उघडायला कितीसा येळ लागतोय?"

"तरन्नुम. पिन लाव."

बलभीम उठून जवळ आला. त्याला असल्या कुस्त्या आवडायच्या. "आता बघू, कोण खरं. बाई का बुवा."

रुद्रम्मा म्हणाली, "तुमी हात लावा, आण्णा. तुमचा हात लागला की मी नेते. त्या पेटीचं मला काय कळत न्हाय."

तरन्नुमनं एकदा बापाच्या हाताकडं बघितलं. मग पिन उचलून ती काउंटरच्या मागं, प्लगच्या बोर्डाकडं गेली. खाली वाकली. बटणाचा खट्ट आवाज आला.

"लावली?"

"हूं."

मिस्त्रींनी बाही वर सारली. हात उलटा केला. क्षणभर तो हवेतच थांबला, आणि त्यांच्या मनात आलं, बाई खरं बोलत असली तर? पण रुद्रम्मा बघत होती, बलभीम बघत होता, तो हिरवा दिवाही बघत होता. त्यांनी हात ग्राइंडरच्या स्टीलच्या पोटावर टेकवला.

काहीच झालं नाही. हल्ली कशानंच काही होत नसे. पण मूठ वळली नाही, हात उडाला नाही, म्हणजे मशीन चांगली होती. त्यांच्या जिभेला पाय फुटले.

"आहाहा. बघा. मांजराच्या पाठीवरनं हात फिरवावा तशी गुरगुर यायलीय. बारीक. आत लाईन खेळायलीय न्हवं, तिची. निरोगी मशीनीची ही खूण बरं का रुद्रम्मा. बिघडलेली चावती, निरोगी गुरगुरती. मनगटापतुर यायलंय मला. हे काय, कोपराला आलं."

"कोपरापतुर?" बलभीम म्हणाला.

"तुला न्हाय कळायचं. तुजा हात जळका हाय."

फोनमधली बाई बोलली, "मिस्त्री, आपला निर्णय वेगळा आहे का?"

"हाय," मिस्त्री फोनकडं वळून म्हणाले. "मशीन चांगली हाय. लिहून घे. आयुब मिस्त्रीनं हात लावलाय."

"नोंद झाली. अनुभवी मिस्त्रींचा निर्णय ग्राह्य धरला आहे. यंत्र सुरक्षित आहे. पुढील तपासणीत याचा उपयोग केला जाईल."

मिस्त्रींना चमत्कारिक वाटलं. आयुष्यभर ते गोष्टी सांगत आले. पण एकही शंका न काढता त्यांच्यावर विश्वास ठेवणारं हे पहिलंच भेटत होतं. बलभीमसुद्धा निदान माकणीची लाईट विचारायचा. त्यांना डबड्याची थोडी कीवच आली.

"चला, मिटलं," रुद्रम्मानं रिक्षावाल्याला हाक मारली आणि ग्राइंडरला हात घातला. "माज्या जिवाला घोर लागला होता. आता सुनंला पीठ लावायला सांगते."

"रुद्रम्माक्का, थांबा," तरन्नुम म्हणाली.

ती काउंटरच्या मागून बाहेर आली. ओढणीचा पदर तिनं मुठीत घट्ट धरला होता. ती रुद्रम्माकडं बघत नव्हती, बलभीमकडंही नाही. तिनं मूठ उघडली. तीत वायरीसकट ग्राइंडरची पिन होती.

"तुमाला करंट बसंल म्हणून लावलीच न्हाय मी, अब्बा," ती म्हणाली. "निस्तं बोर्डाचं बटण दाबलं. मशीनीत लाईनच न्हाय. गुरगुर कशाची आली?"

मिस्त्रींचा उलटा हात अजून मशीनीवरच होता.