कौसाच्या माहेरी

सोनिया आपल्या पोटची नाही, हे बनाबाईला इतक्या वर्षांत कधी तोंडानं बोलावं लागलं नव्हतं. ती वेळ आली सांगलीच्या दवाखान्यात, डॉक्टरीणबाईंच्या समोर.

चौतिसाव्या वर्षी सोनियाच्या छातीत गाठ निघाली होती. ऑपरेशन झालं, केमो झाली, आता डोक्यावर मऊ केस पुन्हा उगवत होते. आटपाडीकडचं घर, डाळिंबाची बाग आणि उरलीसुरली मेंढरं नवऱ्याच्या गळ्यात घालून बनाबाई एवढे दिवस माधवनगरला लेकीकडं राहत होती. इतक्या तरुणपणी कॅन्सर झाला म्हणून डॉक्टरांनी सोनियाची जनुकांची तपासणी करवली. बीआरसीए-वन नावाच्या जनुकात दोष निघाला. मग तिच्या वडलांचं, अर्जुनाचं रक्त तपासलं. त्यात तो दोष नव्हता.

“हे जनुक सगळ्यांकडंच असतं,” डॉक्टर म्हणाल्या. “पेशीत बिघाड झाला की दुरुस्त करायचं काम त्याचं. आपल्याला त्याच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून, एक वडलांकडून. सोनियाची एक प्रत जन्मापासून बिघडलेली आहे. वडलांकडून नाही, म्हणजे आईकडून आली असणार. बनाबाई, आता तुमचं रक्त घेऊ.”

निकाल ऐकायला गावाकडून आलेल्या अर्जुनानं मान खाली घातली.

“माझं घिऊन काय उपेग न्हाई, बाई,” बनाबाई म्हणाली. “म्या सख्खी न्हाई. हिची आई कौसा. ही दोन वर्साची असताना ती गेली.”

सोनियानं टेबलाखालून तिचा हात धरला.

डॉक्टर म्हणाल्या, “तर कौसाबाईंच्या माहेरी कळवायला हवं. त्यांच्या बहिणींमध्ये, भाच्यांमध्ये हा दोष असू शकतो. असला म्हणजे कॅन्सर होणारच असं नाही, पण धोका पुष्कळ वाढतो. आधी कळलं तर लक्ष ठेवता येतं, उपाय करता येतात.”

“आन माझा अमृत?”

“तुमच्या मुलाला हा दोष कौसाबाईंकडून यायचा प्रश्नच नाही. त्याची काळजी सोडा.”

जिना उतरताना बनाबाई मधेच पायरीवर बसली आणि पदर तोंडाला लावून रडू लागली.

“आये, काय झालं?”

“अमृतचं ऐकून मला बरं वाटलं गं. तू हितं अशी, आन मला बरं वाटलं.”

“मग? मला बी वाटलं,” सोनिया तिच्याशेजारी बसत म्हणाली. “माझा भाऊ हाय त्यो.”

कळवायला हवं हे खरं, पण कळवायचं कोणत्या तोंडानं? कौसा गेल्यावर सहा महिन्यांत अर्जुनानं दुसरं लग्न केलं, ते तिच्या माहेरच्यांना लागलं होतं. कौसाची धाकटी बहीण शालन पोरीला न्यायला आली होती. बनाबाई तेव्हा जेमतेम विशीची, हळद उतरली नव्हती अंगाची. पण तिनं सोनियाला कडेवर घट्ट धरून सांगितलं होतं, “पोर मिळायची न्हाई.” शालन पाणीसुद्धा न पिता माघारी गेली, ती पुन्हा फिरकली नाही. धरणाच्या कामावरल्या माणसाशी तिचं लग्न झालं आणि ती कोयनानगरला असते, एवढंच कानावर आलं होतं.

“फोन करूया,” अर्जुना म्हणाला. “कुणाकडं तरी नंबर असंल.”

“आसलं फोनवर सांगायचं नसतं,” बनाबाई म्हणाली. “मीच जाती. पोर म्या ठिवून घेतली, तवा सांगायचं बी मलाच.”

मायलेकी कराडला एसटी बदलून घाटानं कोयनानगरला पोचल्या. वसाहतीत विचारत विचारत घर सापडलं. दार शालननंच उघडलं. तिनं बनाबाईकडं पाहिलंच नाही. ती बघत होती सोनियाकडं.

“कौसा,” एवढंच ती म्हणाली आणि सोनियाचं तोंड दोन्ही हातांत धरून रडत राहिली.

चहा झाला. शालनची लेक उत्कर्षा ओट्याला टेकून उभी होती. बनाबाईनं आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. शालनचा चेहरा उतरत गेला.

“कौसाला बी छातीत गाठ हुती, माहेरीच तेवढं सांगितलं हुतं तिनं,” ती म्हणाली. “आमच्या आईला बी. आमी म्हणायचो, घराण्याला कुणाची तरी नजर हाय.” मग ती एकदम ताठ बसली. “पर हे हितंच ठेवा. उत्कर्षाला कराडचं स्थळ आलंया. असलं बाहेर फुटलं तर कोण करील पोरीला?”

“कुणी केलं न्हाई तर ती जित्ती तरी ऱ्हाईल,” बनाबाई म्हणाली. “शालनताई, तवा पोर मागाया आलासा, म्या दिली न्हाई. तुमचा राग मला मान्य हाय. पर आज मी काय घ्याया आलेली न्हाई. तुमी तपासून घ्या, एवढंच सांगाया आली.”

“म्हंजे माझी लेक बी…”

“मावशी, आधी तुमची तपासणी,” सोनिया म्हणाली. “तुमच्यात नसलं तर तुमच्याकडनं तिला येतच न्हाई. मला आधी कळलं असतं तर एवढं सोसावं लागलं नसतं.”

“आई, आपण जाऊया,” उत्कर्षा म्हणाली. “स्थळाचं मी बघते.”

शालनमध्ये तो दोष निघाला. गाठ मात्र कुठंच नव्हती. डॉक्टरांनी तिला सगळं समजावून सांगितलं. छातीची दर वर्षी तपासणी करायची आणि अंडाशय काढून टाकायचे, असं तिनं ठरवलं. या दोषानं तिथल्या कॅन्सरचाही धोका वाढतो. उत्कर्षानं स्वतःची चाचणी अजून केलेली नाही. तयारी झाली की करेन म्हणते, आणि तोवर डॉक्टर सांगतील तशी तपासणी करून घेते. कराडच्या मुलाला तिनं स्वतः भेटून सगळं सांगितलं. त्याच्या घरचे अजून विचार करताहेत. मुलगा रोज फोन करतो.

ऑपरेशननंतर शालन माधवनगरला सोनियाच्या घरी आराम करायला राहिली. बनाबाई तिला हातानं आंबील पाजायची आणि ती उठून भांडी घासायला लागली की ओरडायची.

“आवं, टाकं हायती पोटाला!”

“बसून अंग आंबलं माझं.”

“आंबू द्या.”

एका दुपारी शालन कौसाच्या गोष्टी सांगू लागली. कौसा झाडावर कशी चढायची, लग्नात उखाणा विसरून कशी हसत सुटली होती. सोनियानं आईबद्दल एवढं कधीच ऐकलं नव्हतं. ती ऐकता ऐकता बनाबाईच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली.

“हिला झोपवताना काय म्हणायची ती?” बनाबाईनं विचारलं. “मी घरात नवी हुती तवा ही रातभर रडायची. काय म्हणू, मला कळायचंच न्हाई.”

शालननं आठवून पाहिलं. मग कौसाच्या चालीत, थोडं चुकत, ती ओवी म्हणू लागली. बनाबाई सोनियाच्या बारीक केसांवरून हात फिरवत तिच्या मागून एकेक ओळ म्हणत राहिली.