तेरा, एकतीस, तेरा

१९५७च्या उन्हाळ्यात मुलींच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या कांताला कलकत्त्याच्या एका संस्थेत गणकयंत्रावर काम शिकायला बोलावणं आलं. यंत्र तिनं फक्त फोटोत पाहिलेलं. जाण्याआधी सरावासाठी एक गणित दिलं होतं: एक आणि स्वतःशिवाय कशानंही भाग न जाणाऱ्या, म्हणजे मूळ, अशा दोन अंकी संख्या शोधायच्या, ज्यांचे अंक उलटे केले तरी मूळ संख्याच मिळते. तेराचे एकतीस, तसं. अकरा उलटून अकराच, म्हणून सुरुवात बारापासून. उत्तर कांताला येत होतं; पण मागितल्या होत्या त्या यंत्राला द्यायच्या सूचना, एकेक पायरीनं.

नालवाडीच्या घरात यंत्र कुठून आणणार? थोरला भाऊ गुलाब सिंदीला मालधक्क्यावर कारकून होता, रविवारचा घरी आलेला. तिनं त्यालाच बसवलं.

"भाऊ, तू मशीन. कागदावर लिहिलं तेवढंच करायचं. डोकं चालवायचं नाई."

"ते मले जमते," म्हणत गुलाबनं पाटी घेतली.

थोड्या वेळानं पाहते तर त्यानं तेरासुद्धा पुसून टाकलेला.

"तेरा काऊन पुसला?"

"तू लिहिलं, दोनापासून भागत जा, बाकी शून्य आली का पुसून टाक. तेराले तेरानं भागलं, शून्य आली."

"अरे, त्या आकड्याच्या आधी थांबायचं!"

"लिहिलं कुठं?"

दातओठ खात कांतानं ती ओळ घातली. तेवढ्यात आईनं, धुरपताबाईंनी, हाक मारली म्हणून ती भाकरी थापायला आत गेली. परत आली तर गुलाब घामानं डबडबलेला आणि पाटी दोन्ही बाजूंनी भरलेली: तेरा, एकतीस, तेरा, एकतीस.

"हे काय करून राह्यला?"

"तेरा पास. उलटव म्हटलं, उलटवला. पुन्हा वरून तपास म्हटलं, तपासला. पास. मंग पुन्हा उलटव. हात गेला माहा!"

"तेच ते येऊन राह्यलं, दिसत नाई तुले?"

"दिसते ना. पन डोकं चालवायचं नाई म्हटलं तूनं."

कांतानं खडू भिरकावला. "मले नाई जायचं कलकत्त्याले!" शाळेत मुलींना तिनं अर्धं सांगितलं तरी उरलेलं त्या समजून घेत. इथं समजून घेणारं कोणीच नव्हतं.

जेवणानंतर तिनं नवी सूचना लिहिली: उलटवलं की कोपऱ्यात रेघ मारा, रेघ असेल तर पुन्हा उलटवू नका, संख्या ठेवून पुढे जा. तेरा टिकला, सतरा टिकला, आणि पाठोपाठ एकोणीसही.

"एकोणीस? उलटा एक्क्याण्णव, त्याले सातानं भाग जाते!"

"रेघ होती. उलटवला नाई."

रेघ तेराच्या वेळची होती. नवी संख्या घेताना ती पुसा, असं कांतानं लिहिलंच नव्हतं. गुलाबनं पाटी खाली ठेवली. "माही गाडी चुकन. दुसरी मशीन पाह्य," म्हणाला आणि पिशवी उचलून निघून गेला.

मग कांतानं तीही ओळ घातली आणि स्वतःच मशीन होऊन बसली. ओळ वाचायची, तेवढंच करायचं. सगळ्यात कठीण होतं ते माहीत असलेलं उत्तर विसरणं; दोनदा हात आपोआप पुढे धावला आणि तिनं चिडून पुन्हा बारापासून सुरुवात केली. उन्हं उतरेपर्यंत पाटीवर आठ संख्या उरल्या, तिला माहीत होत्या त्याच; शेवटची सत्त्याण्णव.

तिनं कागद सुवाच्य उतरवून काढला. जूनमध्ये ती कलकत्त्याला गेली.