मशीन हटाव, देवजीशेट आत

हॉस्पिटलच्या गेटवर देवजीशेटचा भलामोठा बॅनर. गॉगल, सोन्याची चेन, जोडलेले हात, आणि खाली लाल अक्षरांत 'गावात अणुबॉम्ब नको! प्रोटॉन मशीन हटाव!' त्याच बॅनरखालून खरे देवजीशेट माकडटोपी घालून आत शिरले. भर मे महिन्यात माकडटोपी! वॉचमननं एकदा वर बघितलं, एकदा खाली, आणि गुपचूप सलाम ठोकला.

शेटना प्रोस्टेटचा कॅन्सर होता. इलाज याच मशीनवर. त्यातला अ‍ॅक्सिलरेटर म्हणे प्रोटॉन नावाच्या बारीक कणांना जोरात पळवतो आणि ते बरोब्बर गाठीत जाऊन थांबतात, पुढं जात नाहीत. आजाराचं फक्त बायकोला, मालतीबाईंना, ठाऊक होतं. गावाला सांगितलं होतं, शिर्डीला चाललोय.

आत मशीन चालवायला होती वैदेही, शेटच्याच बिल्डिंगमधली भाडेकरू. हिच्या अंगाला चिकटून रेडिएशन येतं म्हणून शेटनी हिला लिफ्ट बंद केली होती. पोरगी रोज पाच मजले जिन्यानं चढायची.

"टोपी काढा काका," ती म्हणाली. "ट्रीटमेंट खाली आहे."

शेटनी टोपी अजून खाली ओढली.

"आणि हे पाणी प्या. लघवी धरून ठेवायची. मूत्राशय भरलेलं असलं की आतडी वाचतात."

शेट पाणी प्यायले. मागून उघडा गाऊन एका हातानं धरून बाकड्यावर बसले. पोट टम्म झालं, आणि तेवढ्यात बाहेरून आवाज आला. "हटाव! हटाव!"

मोर्चा! तारीख शेटनीच दिलेली. आजारपणाच्या टेन्शनमध्ये रद्द करायची राहून गेली होती.

पुतण्या प्रीतम कडक पांढऱ्या शर्टात सगळ्यांच्या पुढं. पोरं थेट पॅसेजमध्ये घुसली आणि गाऊनातले शेट बघून थबकली.

"आयला, शेट! एकटेच आत घुसले! जिवावर उदार!"

"प्रीतम, गप रं," शेट कळवळून म्हणाले. "मना कॅन्सर हाय. विलाजाला आलोय."

प्रीतम पोरांकडे वळून गरजला, "बघितलंत? पाच मिनटं आत काय गेले, शेटना कॅन्सर झाला!"

"अरे, आदीपासून हाय!" शेट ओरडत होते, पण ऐकतो कोण? "देवजीशेट आगे बढो!" म्हणत पोरांनी त्यांना उचललं आणि प्रीतमच्या खांद्यावर बसवलं. मूत्राशयानं बिचाऱ्यानं बरंच सहन केलं होतं. पहिल्याच उसळीला ते हरलं.

प्रीतमच्या घोषणा बंद पडल्या. शर्ट कॉलरपासून खाली पारदर्शक होत गेला. शेटना हळूच खाली ठेवण्यात आलं. कुणी मोबाईलमध्ये बघू लागलं, कुणी छताकडे. खरं सांगून जे कुणाला पटलं नव्हतं, ते आता सगळ्यांना पटलं. मोर्चा चपला न वाजवता बाहेर गेला.

शेट भिंतीकडे तोंड करून उभे. वैदेही नवा गाऊन आणि पाण्याचा जग घेऊन आली.

"काका, परत पाणी प्या. घाई नाही."

ती हसली असती तर बरं झालं असतं. पण हसली नाही.

पोट पुन्हा भरल्यावर तिनं त्यांना मशीनखाली झोपवलं, पाय नीट ठेवले.

"पोरी," शेट पुटपुटले, "त्या लिफ्टचं मी जे..."

"आता बोलू नका काका. हललात तर परत पहिल्यापासून."

ती बाहेर गेली. जाड दार लागलं. प्रोटॉन गाठीत जाऊन थांबले. लाजेला तसला ब्रेक नव्हता. ती पार कानापर्यंत चढली, आणि शेटना हलायचीही परवानगी नव्हती.