उजवं पान

आमच्या कुळाच्या देवळात कौल घेताना देवीच्या दोन्ही खांद्यांवर तुळशीचं ओलं पान चिकटवतात. उजवं आधी गळालं तर होकार, डावं गळालं तर नकार. कौलाशिवाय आमच्या घरातलं कुणी गाव सोडत नाही. नात तन्वी सैन्यात निवडली गेली आणि घरात कौलाचा दिवस ठरला.

तेव्हापासून आमचे हे, म्हणजे साऱ्या आरोंद्याचे अप्पा, दाजी गुरवावर नजर ठेवून होते. कारण जुनं. तरुणपणी हे आणि खाडीकडचा सांतान, दोघेही कोल्हापूरच्या सैन्यभरतीत पास झाले. सांतानच्या आईने कपेलात, त्यांच्या छोट्या चर्चमध्ये, मेणबत्ती लावली, पोटभर रडली आणि मुलाला पाठवला. इकडे सासूबाईंनी कौल घेतला, डावं पान गळालं. हे शाळामास्तर झाले. पण आपल्या आईने तेव्हाचे गुरव असलेल्या दाजीच्या वडिलांना सांगून डावं पान सैल लावून घेतलं, हा संशय यांच्या मनातून कधी गेला नाही. सांतान सुट्टीवर आला की गप्पा मारताना हे त्याच्या बुटांकडेच बघत राहायचे.

"बुवा कीर्तनात सांगतत ना, देवाच्या दारात मन निवळ ठेवा," मी म्हणायचे.

"तुझे बुवा कौल लायत नाय," हे म्हणायचे.

कौलाच्या सकाळी देवळात पाऊल टाकल्या टाकल्या यांनी सुरुवात केली.

"दाजी, दोन्ही पाना एकाच तांब्यात भिजय."

"मगे काय दोन तांबे हाडू?"

"आणि हात दाखय."

"अप्पा, माझ्यार इस्वास नाय?"

"तुझ्यार आसा. तुझ्या बापाशीर नाय."

दाजीचा चेहरा पडला. त्याने पानं यांच्या ओंजळीत ठेवली. "मगे तुमीच लाया. घरच्या माणसान लायल्यान तरी देवीक चलता."

तन्वी हात जोडून उभी होती. ओठ घट्ट मिटलेले. दाजीने डोळे मिटून देवीला कौल मागणारं गाऱ्हाणं सुरू केलं. यांनी डावं पान टेकवलं, बोट काढलं. मग उजवं टेकवलं. अंगठा मात्र तिथेच राहिला. दाबत राहिला. नखाचं टोक पांढरं झालं.

दाजीने पाहिलं नाही. तन्वीनेही नाही. मी पाहिलं. असं दाबलेलं उजवं पान आधी गळणार नव्हतं.

"अवो," मी हळूच म्हटलं, "सासूबाय त्या दिवशी अशेच उभ्या होत्या काय?"

यांनी अंगठ्याकडे पाहिलं. जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता. मग दोन्ही पानं अलगद काढली.

गाऱ्हाणं थांबलं. "अप्पा, ह्या काय?"

"कौल नको. मी देवीक फसयत होतंय." पानं तन्वीच्या तळहातावर ठेवून म्हणाले, "जा गो बाय. देवीक नमस्कार कर आणि जा."

तन्वी देवीच्या पाया पडली ती उठेचना. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"मगे माझ्या बापाशीचा काय?" दाजीने विचारलं.

तांब्या उचलून यांनी मान खाली घालून दाजीच्या हातांवर पाणी घातलं.