कसंतरी

प्रमोदिनीबाईंनी थालीपीठ तव्यावर थापलं, बोटानं भोकं पाडून तेल सोडलं आणि स्वयंपाकघरातूनच हाक दिली, “वल्लरी मॅडम! व्हॉट इज इंग्लिश ऑफ थालीपीठ?”

“मल्टिग्रेन पॅनकेक.”

“मग नको बाई मला ते.”

“आई, इंग्लिश!”

“ओके, ओके. देन आय डोन्ट वाँट.” आणि दोघीही हसल्या.

बेंगळुरातल्या येलहंक्याच्या त्या घरात गेले काही दिवस हा खेळ चालला होता. आईच्या लेखी खेळ. लेकीच्या लेखी परीक्षेची तयारी. वल्लरी बेळ्ळंदूरच्या एका कंपनीत नव्या पोरांना इंग्रजी संभाषण शिकवायची. पूर्वेकडच्या एका देशातल्या शाळेनं तिला पसंत केलं होतं, पण घोडं अडलं होतं तिथल्या सरकारच्या शिक्षक-परवान्यावर. पदवीवर शिक्के मारून झाले, पोलिसांचा दाखला झाला. मात्र नियम असा, की इंग्रजी ज्याची मातृभाषा त्यालाच परवाना. गोऱ्या देशाचा पासपोर्ट असेल तर प्रश्नच नाही. बाकीच्यांनी आपल्या घरात पहिल्यापासून इंग्रजीच बोलतात हे पटवून द्यायचं, आणि त्यासाठी तिथले अधिकारी व्हिडिओवर घरच्या माणसांशीही बोलणार.

“आजपासून घरात मराठी टोटली बंद,” आश्लेषानं बजावलं होतं. ही पुण्याची, महादेवपुऱ्यात ऑफिस थाटून असल्या परवान्यांची कामं करायची. “काकूंची प्रॅक्टिस घे. ऐन वेळी ‘अगं बाई’ म्हणाल्या, की फाईल गेली.”

म्हणून वल्लरीनं आईला अट घातली होती: मराठीत बोललीस तर मी ओ देणार नाही.

“तुझे बाबा होते तोवर माझ्या कन्नडला हसायचे,” आई म्हणाली होती, “आता तू इंग्रजीला धरलंयस. माझ्या भाषेत मला कधी बोलू देणार गं तुम्ही?” पण लगेच हसून कामाला लागली होती. लेकीची नोकरी तिलाही हवीच होती.

त्या दिवशी दुपारी वल्लरीच्या दोन वर्गांमध्ये आईचा फोन आला.

“वल्लरी? बिझी?”

“अ लिटल. टेल मी.”

“नथिंग. आय ॲम... आय ॲम फीलिंग समहाऊ.”

वल्लरीच्या हातात तेव्हा खडू नव्हता, एवढंच. “समहाऊ इज नॉट अ फीलिंग, आई. अनवेल म्हण... से अनवेल. ऑर टायर्ड.”

मग आई सावकाश म्हणाली, “येस. टायर्ड.”

“फुल सेंटेन्स.”

“आय ॲम टायर्ड.”

“गुड! देन टेक रेस्ट.”

“थँक यू, मॅडम.”

वाक्य बरोबर आलं याचा वल्लरीला आनंद झाला होता. तो आनंद तिला पुढं कितीतरी दिवस जसाच्या तसा आठवत राहिला.

कारण घरात ‘कसंतरी होतंय’ या शब्दांना एक वजन होतं. प्रमोदिनीबाई डोकं दुखलं तर सांगायच्या नाहीत, ताप अंगावर काढायच्या. अपेंडिक्स फुटलं त्या दिवशी मात्र भिंतीला टेकून म्हणाल्या होत्या, “मला कसंतरी होतंय,” आणि बाबा चप्पल न घालता रिक्षा आणायला धावले होते. आईचं ‘कसंतरी’ म्हणजे रिक्षा बोलवायची वेळ, हे वल्लरीला लहानपणापासून ठाऊक होतं. त्याच शब्दाचं आईनं इमानेइतबारे इंग्रजी केलं, आणि वल्लरीनं व्याकरण तपासलं.

संध्याकाळी रिंग रोडवर बस अडकलेली असताना खालच्या मजल्यावरच्या नरसिंह अण्णांचा फोन आला. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरातलं. मराठी त्यांची कन्नडच्या चालीनं चालायची. “वल्लरी, स्वल्प लवकर ये अम्मा. तुझ्या आईला, अक्कांना, आस्पत्रीत आणलंय.” ती पोचली तेव्हा घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं. आईचं हृदय बंद पडलं होतं.

भेटायला येणारा प्रत्येक जण विचारी, “शेवटचं बोलणं तरी झालं ना गं?”

“हो,” वल्लरी म्हणायची. “विश्रांती घे म्हटलं मी.”

“तेच सांगितलं बघा अक्कांनी,” नरसिंह अण्णा सगळ्यांना सांगत. “जिन्यात दिसल्या, चेहरा उतरलेला. डॉक्टरकडे जाऊ या म्हटलं, तर म्हणाल्या, ‘नको अण्णा, वल्लरीला फोन केला होता. ती म्हणाली, विश्रांती घे.’ सरी, बरं म्हटलं मी. लेक म्हणाली म्हणजे सरीच.”

त्यात दोष देण्याचा सूर नव्हता. वल्लरीनं उठून त्यांच्यासाठी कॉफी केली.

तेराव्यानंतर आश्लेषाचा फोन आला. “रागावू नकोस हं, पण आता एक प्रकारे सोपं झालं बघ. घरचं बोलणारं कुणी नाही, म्हणजे फक्त तुझाच इंटरव्ह्यू. घरात कुठली भाषा, विचारतील. इंग्लिश म्हण, की झालं. तो एकच शब्द राहिलाय.”

आणि खरोखर तेवढंच राहिलं होतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप मांडून वल्लरी बसली. पडद्यावरची अधिकारी बाई सौम्य होती. शिकवण्याबद्दल तिनं पुष्कळ विचारलं, उत्तरांवर मान डोलावली. शेवटी म्हणाली, “अँड व्हॉट लँग्वेज डिड यू स्पीक ॲट होम?”

वल्लरीच्या जिभेवर शब्द तयार होता. आईनं त्याच्यासाठी केवढी तालीम केली होती! तो उच्चारला, की आईचे ते दिवस निदान कारणी तरी लागले असते. पण तो उच्चारला, की त्या दुपारी आपण फोनवर बरोबर वागलो असंही ठरलं असतं.

“मराठी,” ती म्हणाली.

बाईनं लिहिणं थांबवलं. “ओन्ली मराठी?”

“विथ माय मदर, येस. ऑल्वेज.”

मग त्यांच्या नियमाप्रमाणे परवाना देता येणार नाही, असं बाईनं खेदानं सांगितलं. वल्लरीनं आभार मानले आणि लॅपटॉप मिटला.

ओट्यावर तवा पालथा घातलेला होता. इतक्या दिवसांत तिनं त्याला हात लावला नव्हता. ती त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. घरात कुणी नव्हतं, तरी ती मोठ्यानं म्हणाली,

“कसंतरी म्हणजे कसं होतंय गं, आई? छातीत दुखतंय? घाबरल्यासारखं होतंय? नीट सांग मला. मराठीत सांग.”